आतून आधार, बाहेरून थाप : पालकत्वाची पद्धत आणि मुलाची आत्मप्रतिमा



वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांचा तपशील असतो आणि तो असावयासच हवा. त्यासोबत आरोग्यविषयक एखादा विषय सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रघात आपण ठेवला आहे. या वेळी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुग्णालयाचा वाटणार नाही. मुलांना वाढविण्याची आपली पद्धत आणि मुलाच्या मनातील स्वतःविषयीचे चित्र यांचा संबंध काय, हा तो विषय होय. तो का निवडला, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे.

बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात एक प्रसंग वारंवार घडतो. दहा-अकरा वर्षांचे मूल पोटदुखीची तक्रार घेऊन येते. दुखणे खरे असते, पण रक्त, लघवी, सोनोग्राफी या सर्व तपासण्यांत काही आढळत नाही. डॉक्टर मुलाला विचारतात, ‘‘शाळेत कसं चाललंय?’’ मूल तोंड उघडण्यापूर्वीच वडील उत्तर देतात, ‘‘कशाचं काय साहेब, हे पहिल्यापासून असंच आहे. ह्याच्या हातून काय व्हायचं नाही. थोरला बघा, कसा हुशार हाय.’’ मूल जमिनीकडे पाहत राहते. वडिलांच्या मनात दुष्टावा नसतो. तसा असता तर मजुरी बुडवून, एस.टी.चा प्रवास करून ते मुलाला दवाखान्यात घेऊन आलेच नसते. तरीही त्या वाक्याने मुलाला जे सांगितले गेले, ते पोटदुखीच्या औषधाने पुसले जात नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत याहून गंभीर अवस्थेतील मुले अपघात विभागात दाखल होतात. त्यांपैकी ज्यांच्याशी पुढे शांतपणे बोलता येते, ती मुले गुणांविषयी कमी आणि ‘‘घरी तोंड कसं दाखवू’’ याविषयी अधिक बोलतात. म्हणून हा विषय रुग्णालयाचा आहे, असे आम्हांस वाटते.

आत्मप्रतिमा म्हणजे काय?

मी कोण, मला काय जमते, मी लोकांना हवासा आहे की नकोसा, या प्रश्नांची जी उत्तरे प्रत्येकाच्या मनात साठलेली असतात, त्यांस मानसशास्त्रात आत्मप्रतिमा अथवा स्व-संकल्पना असे म्हणतात. त्या चित्राला आपण जी किंमत देतो, तिला आत्मसन्मान म्हणतात. या दोहोंतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. ‘मला गणित जमत नाही’ ही चित्रातील एक रेघ झाली. ‘मला गणित जमत नाही, म्हणून मी कवडीमोलाचा’ हा त्या चित्रावरील निवाडा झाला. रेघ शिकविण्याने बदलता येते. निवाडा एकदा मनात बसला की मूल शिकण्याचा प्रयत्नच सोडून देते.

ही प्रतिमा जन्मतः नसते. संशोधकांनी तान्ह्या मुलांच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर बसविले. अगदी लहान बाळ आरशातील बाळाकडे पाहून हसते. साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात मात्र ते आरशाला हात न लावता स्वतःच्या नाकाला हात लावते. ‘हा मीच’ हे त्याला उमगलेले असते. त्यानंतर दुसरा, मोठा आरसा सुरू होतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडले की, माणूस स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात पाहतो. इतरांना आपण कसे दिसतो, याविषयीची त्याची जी समजूत असते, तिच्यावरून तो स्वतःविषयीचे मत बनवितो. लहान मुलाला हा आरसा मुख्यतः घरातच मिळतो.

चार-पाच वर्षांचे मूल स्वतःविषयी विचारले असता ‘मी जोरात पळतो, माझ्याकडे लाल सायकल आहे’ असे सांगते. त्याचे चित्र ठोस आणि बहुधा आनंदी असते. सात-आठ वर्षांच्या सुमारास ते स्वतःची इतरांशी तुलना करू लागते आणि ‘एकंदरीत मी कसा’ याचा निवाडाही प्रथम याच वयात करते. किशोरवयात मित्रमैत्रिणींचे मत महत्त्वाचे ठरते. परंतु घरातून मिळालेले चित्र तोवर पुष्कळसे पक्के झालेले असते. थोरल्याशी केलेली तुलना आठव्या वर्षी जी जखम करते, ती चौथ्या वर्षी करीत नाही, याचे कारण हे आहे.

पालकत्वाच्या चार पद्धती

अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक यांचा बारकाईने अभ्यास करून पालकत्वाच्या तीन पद्धती सांगितल्या. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यांची मांडणी दोन प्रश्नांवर केली आणि चौथी पद्धत जोडली. पहिला प्रश्न असा की, पालक मुलाला माया, लक्ष आणि प्रतिसाद किती देतात? दुसरा प्रश्न असा की, ते मुलाकडून शिस्तीची आणि जबाबदारीची अपेक्षा किती ठेवतात?

हे समजण्यासाठी आम्हांस आपल्याच जिल्ह्यातील एक दृश्य उपयोगी वाटते. संत गोरोबाकाकांच्या तेर गावाचे नाव घेतले की कुंभाराचे चाक डोळ्यांपुढे येते. चाकावरून उतरलेले ओले मडके अर्धवट सुकल्यावर कुंभार बाहेरून थापटण्याने ठोकतो आणि त्याच वेळी आतून आधार धरतो. बाहेरची थाप नसेल तर मडक्याला आकार येत नाही. आतला आधार नसेल तर त्याच थापेने मडके फुटते. चारही पद्धती या एका कृतीत दिसू शकतात.

थाप आहे आणि आधार नाही, ही पहिली, हुकमी पद्धत होय. ‘मी सांगतो म्हणून’ हे येथील एकमेव कारण असते. मूल आज्ञाधारक दिसते. परंतु आपल्या मताला किंमत नाही आणि चूक झाली की आपण वाईट ठरतो, असा धडा ते घेते. मोठ्या माणसापुढे त्याचा आवाज फुटत नाही, किंवा पुढे तोच आवाज दुसऱ्या दुबळ्यावर फुटतो.

आधार आहे आणि थाप नाही, ही दुसरी, लाडावणारी पद्धत होय. नवसाचे किंवा एकुलते मूल, आजी-आजोबांचे लाडके नातवंड येथे अनेकदा आढळते. त्याला प्रेमाची उणीव नसते, परंतु नकार ऐकण्याची सवयही लागत नाही. घरात राजा असलेले हे मूल शाळेच्या पहिल्या वर्षी गोंधळून जाते. आपण काही करून दाखविल्याचा अनुभव नसल्यामुळे त्याचा आत्मविश्वास वरवरचा राहतो.

आधारही नाही आणि थापही नाही, ही तिसरी, दुर्लक्षाची पद्धत होय. ‘मी असलो काय, नसलो काय, सारखेच’ असे या मुलाला वाटते. चारही पद्धतींत हिचे परिणाम सर्वाधिक वाईट आढळले आहेत. येथे एक खुलासा अत्यावश्यक आहे. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दिवसभर रोजगाराला जाऊन संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ‘‘आज काय शिकवलं रे?’’ असे विचारणारी आई दुर्लक्ष करीत नाही. उलट सर्व सुखसोयींच्या घरात जेवताना प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल, तर दुर्लक्ष तेथेही असू शकते.

आधार आणि थाप दोन्ही आहेत, ही चौथी, समंजस शिस्तीची पद्धत होय. नियम थोडे, पण ठाम असतात. त्यांचे कारण सांगितले जाते. मुलाचे म्हणणे ऐकले जाते, मात्र प्रत्येक वेळी मान्य केले जाते असे नाही. चूक झाल्यावर चुकीला चूक म्हटले जाते, मुलाला वाईट म्हटले जात नाही. ‘माझ्याकडून अपेक्षा आहेत, याचा अर्थ मी त्या पुऱ्या करू शकेन असे यांना वाटते’ असा अर्थ मूल यातून काढते.

संशोधन काय सांगते आणि काय सांगत नाही

स्टॅन्ली कूपरस्मिथ यांनी १९६७ मध्ये दहा ते बारा वर्षांच्या मुलग्यांच्या आत्मसन्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आत्मसन्मान चांगला होता, त्यांच्या घरांत तीन गोष्टी आढळल्या. मुलाचा मनापासून स्वीकार, स्पष्ट आणि पाळल्या जाणाऱ्या मर्यादा, आणि त्या मर्यादांच्या आत मुलाच्या मताचा आदर. मोकळीक जितकी अधिक तितका आत्मसन्मान अधिक, असे मात्र दिसले नाही. मर्यादा नसलेल्या घरापेक्षा प्रेमाने मर्यादा घालणारे घर मुलाला अधिक बळ देते, हा निष्कर्ष आजही महत्त्वाचा मानला जातो.

हे सर्व संशोधन परदेशातील आहे, आपल्याकडे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तो योग्यच आहे. अशा अभ्यासांतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे कळते. एकीमुळेच दुसरी घडली, असे दर वेळी सिद्ध होत नाही. मूल स्वभावतः हट्टी असेल तर पालकही अधिक कठोर होतात, म्हणजे परिणाम दोन्ही दिशांनी होतो. शिवाय कडक शिस्तीचा अर्थ प्रत्येक समाजात वेगळा लावला जातो. वडील रागावले तरी ते आपल्या भल्यासाठीच, अशी मुलाची खात्री असेल तर त्याच रागाचा परिणाम निराळा होतो.

या प्रश्नावर जेनिफर लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्बोधक आहे. त्यात चीन, इटली, केनिया, फिलिपीन्स आणि थायलंड यांबरोबर भारतातील माता आणि मुलेही होती. जेथे मारणे सर्रास रूढ आहे, तेथे त्याचा मुलांच्या चिंतेशी आणि आक्रमकतेशी असलेला संबंध काहीसा सौम्य आढळला. परंतु तो नाहीसा झाला नाही. ‘सगळेच मारतात’ म्हणून मार निरुपद्रवी ठरत नाही, असा याचा अर्थ होतो. शाळेपुरता तर हा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ असे आमच्या पिढीतील पुष्कळजण म्हणतात. आम्हीही ते म्हटले आहे. परंतु त्या काळच्या घरात वडिलांनी मारल्यावर पदराखाली घेणारी आजी होती, समजूत घालणारा काका होता, शेजारची आत्या होती. बाहेरची थाप एकाची आणि आतला आधार दुसऱ्याचा, अशी विभागणी झालेली होती. आज तालुक्याच्या गावी तीन-चार माणसांच्या घरात मारणारा हात आणि आधार देणारा हात हे पुष्कळदा त्याच व्यक्तीचे असतात. मार उरला आणि आजी गावी राहिली, तर मुलाच्या वाट्याला काय येते, याचा विचार व्हावयास हवा.

आपल्या जिल्ह्यातील वास्तव

पुस्तकातील पालकत्व आई, वडील आणि मूल एका छपराखाली आहेत असे गृहीत धरते. धाराशिव जिल्ह्यात ते सर्वत्र खरे नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व पाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, त्यामुळे आईलाही मागे राहता येत नाही. मूल सोबत नेले तर शाळा बुडते; मागे ठेवले तर सहा महिने आई-वडील दिसत नाहीत.

अशा एका कुटुंबातील नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलून सांगत आहोत. आजी त्याला घेऊन आली होती. दिवाळीनंतर तो रात्री अंथरूण ओले करू लागे आणि आई-वडील परतले की ते आपोआप थांबे. हे सलग तिसरे वर्ष होते. लघवीचा संसर्ग, मधुमेह वगैरे शक्यता तपासून डॉक्टरांनी दूर केल्या. आजीने सर्व उपाय केले होते. शेवटी लाज वाटावी म्हणून ओली वाकळ त्यालाच ओट्यावर वाळत घालावयास लावली होती. डॉक्टरांनी आजीला थोडा वेळ बाहेर बसविले आणि मुलाशी गप्पा मारल्या. त्याची धाकटी बहीण आईसोबत फडावर गेली होती. तो म्हणाला, ‘‘बारकीला नेतेत. मला ठेवतेत. मी वांड हाय म्हणून.’’

बहीण दोन वर्षांची, अंगावर पिणारी. तिला मागे ठेवणे अशक्य होते. मुलाला मागे ठेवले ते त्याची शाळा बुडू नये म्हणून. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला हे कारण ठाऊक होते. ते मुलाला ठाऊक आहे की नाही, असा प्रश्न कोणालाही पडला नव्हता. कारण न सांगितल्यामुळे त्याने ते स्वतःच शोधले आणि लहान मुले जे नेहमी करतात तेच त्याने केले. दोष स्वतःकडे घेतला. तीन वर्षे तो स्वतःला टाकून दिलेला, वाईट मुलगा समजत होता. मायेने वाढविणाऱ्या आई-वडिलांचे ते मूल होते.

डॉक्टरांनी आजीच्या फोनवरून आईला फोन लावला. फडावरून आई बोलली, ‘‘आरं लेकरा, तुझी शाळा बुडू नये म्हणून ठेवतोत तुला. तू वांड हायस म्हणून न्हाय.’’ पुढे तीन गोष्टी ठरल्या. दर रविवारी संध्याकाळी आईचा फोन येणार. आजीने वाकळ मुलाकडून वाळत घालावयाची नाही आणि त्याविषयी शेजारी बोलावयाचे नाही. शेळीला पाणी पाजणे हे मुलाचे स्वतःचे काम राहील आणि आई फोनवर शेळीची चौकशी करील. त्या हंगामात अंथरूण ओले होणे कमी झाले, पूर्ण थांबले नाही. पुढील वर्षी निघण्यापूर्वी आई-वडिलांनी त्याला जवळ बसवून कारण आणि परतण्याचा सुमार सांगितला, असे आजीने पुढच्या भेटीत सांगितले. या उपचाराला औषध लागले नाही. मात्र डॉक्टरांचा सुमारे एक तास लागला, आणि बाहेर रांग असताना तो काढणे सोपे नव्हते.

जिल्ह्यातील दुसरे मूलही घरापासून दूर असते, परंतु निराळ्या कारणाने. दहावीनंतर ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने अनेक मुले-मुली लातूरला खोली करून राहतात. आई-वडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु रोजच्या फोनवरील पहिला प्रश्न ‘‘चाचणीत किती पडले?’’ हाच असेल, तर आपली किंमत गुणांइतकीच आहे असे सोळा वर्षांच्या मुलाला वाटू लागते. ‘‘जेवलास का?’’ हा प्रश्न आधी आणि गुणांचा नंतर, एवढा क्रम बदलण्यास काही खर्च येत नाही.

पालकाची जागा दुसरे कोणी घेऊ शकते काय, याचे उत्तर या जिल्ह्याने १९९३ मध्ये शोधले आहे. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावांत असंख्य मुलांचे घरटे मोडले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळी येथे काम उभे केले आणि तेथे निवासी शाळा चालविली. अनेक गावांत आजी, मामा, चुलते यांनी मुले सांभाळली. रक्ताच्या आई-वडिलांची उणीव भरून निघत नाही हे खरे. तथापि मुलाला नावाने हाक मारणारे आणि त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवणारे एक मोठे माणूस सातत्याने जवळ असले, तर त्याला पुन्हा उभे राहण्यास बळ मिळते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे, तसेच राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना यांचे मोलही केवळ जेवण आणि निवारा यांपुरते नाही. तेथील अधीक्षक आणि स्वयंपाकीण मावशी याही त्या मुलांच्या आरसाच असतात.

नाव, शिक्का आणि कौतुक

शब्दांचे सामर्थ्य किती, याचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यात घडले. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची रीत तेथे अनेक घरांत होती. ती मुलगी शाळेच्या हजेरीत दररोज ‘नकोशी’ म्हणूनच हाकारली जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाच्या पुढाकाराने तेथे जाहीर समारंभात दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. आपल्याकडे असे नाव कागदावर क्वचित असेल. परंतु ‘मठ्ठ’, ‘दगड’, ‘काळी’, ‘आमचं ध्यान’ ही घरात उठता-बसता उच्चारली जाणारी विशेषणे तेच काम करतात.

गोरोबाकाकांच्या आख्यायिकेत संतांच्या मेळ्यात थापटण्याने प्रत्येकाची परीक्षा होते आणि नामदेव हे ‘कच्चे मडके’ ठरतात. या कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे; अजून भाजावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलाला उणीव दाखविताना पुढची वाटही दाखविली, तर ती उणीव शिक्का होत नाही.

कौतुकही विचारपूर्वक व्हावयास हवे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे सांगितले. नंतर अवघड कोडी आली आणि अपयश आले, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले प्रयत्न करीत राहिली. हुशार म्हणून नाव मिळालेल्या मुलाला ते नाव गमावण्याची भीती वाटते, हे त्याचे कारण होय.

घरी काय करता येईल?

१. चूक आणि मूल वेगळे ठेवावे. ‘तू खोटारडा आहेस’ याऐवजी ‘हे तू खोटे सांगितलेस, आणि ते मला चालणार नाही’ असे म्हणावे.

२. नियम थोडे असावेत, त्यांचे कारण सांगावे आणि ते घरातील मोठ्यांनी मिळून ठरवावेत. आईने नाही म्हटलेले आजीने हो म्हटले, तर मुलाला दोन्ही शब्द पोकळ वाटतात.

३. भावंडांची तुलना टाळावी. मुलाची तुलना त्याच्याच मागील महिन्याशी करावी.

४. वयानुसार घरातील एक काम पूर्णपणे मुलाकडे सोपवावे. आत्मविश्वास सांगून येत नाही, करून येतो.

५. आजार, स्थलांतर, कर्ज, घरातील मृत्यू यांविषयी मुलाला त्याच्या वयाला झेपेल इतके खरे कारण सांगावे. न सांगितल्यास ते स्वतःला दोषी ठरविते.

६. रागाच्या भरात हात उठला किंवा वाईट शब्द गेला, तर नंतर मुलाजवळ तसे कबूल करावे. त्याने पालकाचा मान कमी होत नाही.

७. मूल सतत उदास राहू लागले, खाणे-झोप बिघडली, शाळा टाळू लागले किंवा जगण्याला कंटाळल्याची भाषा बोलू लागले, तर ‘नाटक करतो’ असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी विनामूल्य आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

रुग्णालयाची जबाबदारी

हे सर्व इतरांना सांगताना आम्ही स्वतःकडेही पाहिले. ‘‘रडलास तर सुई टोचीन’’ हे वाक्य आमच्या वॉर्डातही वर्षानुवर्षे ऐकू येत असे आणि आम्हांस त्यात काही वावगे वाटत नसे. आता परिचारिका भगिनींना सूचना दिली आहे की, सुई दुखणार असेल तर ‘‘थोडं दुखेल, मग थांबेल’’ असे खरे सांगावे. मुलाच्या उपस्थितीत त्याच्याविषयी पालकांशी परस्पर बोलू नये आणि प्रथम प्रश्न मुलालाच विचारावा, असेही ठरविले आहे.

यापुढील पाऊल म्हणून बालरोग विभागालगत पालक-मार्गदर्शन कक्ष सुरू करावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. ताळेबंदात न दिसणाऱ्या गोष्टीसाठी निधी मागताना आम्हांस संकोच वाटतो. यंत्रासाठी देणगी दिली तर यंत्र दिसते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. येथे मात्र दोन खुर्च्या, एक चटई, थोडी खेळणी, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि त्याचा वेळ एवढेच असणार. परंतु त्या नऊ वर्षांच्या मुलासाठी जो एक तास लागला, तो डॉक्टरांना दररोज मिळत नाही. असा एक तास विकत घेता आला, तर काही मुलांची पोटदुखी आणि काही घरांवरील आघात टळतील, असा आमचा विश्वास आहे.

देणगीदारांनी या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा, विश्वस्तांनी त्यास मान्यता द्यावी आणि पालकांनी कक्ष सुरू होण्याची वाट न पाहता आज रात्रीच्या जेवणापासून आपल्या मुलाचे पाच मिनिटे ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती. 

आपले विनम्र,
रुग्णालय प्रशासन